डोळे मिटून वाचणाऱ्या पेठेबाई

पेठेबाई कोणतंही सरकारी पान डोळे मिटून तपासायच्या. संगणकासमोर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, पदराचं टोक मुठीत धरायचं आणि डोळे मिटायचे. यंत्राने ते पान नीट वाचून दाखवलं तर मान डोलवायची. नाही वाचलं तर डोळे न उघडताच म्हणायचं, "नापास." त्यांची स्वतःची दृष्टी उत्तम होती. सुईत दोरा त्या शेवटपर्यंत चष्म्याशिवाय ओवत.

त्यांना जाऊन काही महिने झाले. शाळेने शोकसभा घेतली तेव्हा सभागृह भरून लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. बोलायला उठणारा प्रत्येक जण 'आमच्या पेठेबाई' म्हणत होता. दर वेळी ते 'आमच्या' ऐकलं की मी खुर्चीत थोडी मागे सरकत होते. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कुंदाताई, तुम्ही बोलता ना? तुमचं तर घरचं येणं-जाणं." मी मान हलवून नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सावकाश लिहिते आहे.

कर्जतच्या शाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो. त्या नागरिकशास्त्र शिकवत, मी ग्रंथपाल. नागरिकशास्त्र म्हणजे मुलांनी डुलक्या काढायचा तास, पण पेठेबाईंच्या वर्गातून हसण्याचे आवाज माझ्या वाचनालयापर्यंत येत. त्या मुलांना ग्रामपंचायतीचा फळा वाचायला पाठवायच्या. फळ्यावर काही लिहिलेलं नसेल तर 'काही लिहिलेलं नाही' एवढं वहीत उतरवून आणायचं आणि खाली सरपंचांची सही घ्यायची. सरपंच चिडून शाळेत यायचे आणि चहा पिऊन परत जायचे. पुढच्या आठवड्यात फळा लिहिलेला असायचा.

माझ्याकडे मुलं यायची ती पुस्तक बदलायला. शांतपणे यायची, शांतपणे जायची. ते मला आवडायचं. तरीही पेठेबाईंच्या मागे सायकली ढकलत चाललेला घोळका दिसला की मी खिडकी लावून घ्यायचे.

निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. पेठेबाईंनी कायदे वाचायला घेतले. माहितीच्या अधिकाराचा कायदा लोकांना अर्ज करण्यापुरता ठाऊक असतो. पेठेबाईंचा सगळा जीव त्यातल्या चौथ्या कलमात होता. कार्यालयाने आपली माहिती कुणी न मागता स्वतःहून लोकांसमोर ठेवायची, त्यांच्या भाषेत, सहज मिळेल अशी, असं ते कलम सांगतं. "मागून मिळाली तर ती मेहेरबानी झाली," त्या म्हणायच्या. त्याच्या जोडीला त्यांनी दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा घेतला, कारण समोर ठेवलेली माहिती अंध माणसालाही वाचता आली पाहिजे. आणि मग अभिलेखांचा, कारण सरकारी कागद मनाला येईल तेव्हा टाकून देता येत नाही आणि संकेतस्थळावरचं पानही शेवटी सरकारी कागदच. हे सगळं त्या तीन शब्दांत सांगत. मांडा, वाचू द्या, जपा.

हे शब्द मी प्रथम ऐकले ते आमच्याच ओट्यावर, त्यांच्या हातात मी केलेल्या पोह्यांची ताटली असताना. तिन्ही कामं माझी होती. उभा जन्म मी पुस्तकं मांडली, वाचायला दिली आणि जपली. मला ती एका ओळीत म्हणता आली नव्हती, एवढंच. माधव म्हणाला, "वा, बाई!" आणि मी पोह्यांवर खोबरं घालायच्या निमित्ताने आत गेले.

माधव माझा नवरा. गाव खालापूर तालुक्यातलं, पाताळगंगेच्या बाजूचं. घरची भातशेती, पण हा शिकून भिवपुरीच्या वीजकेंद्रात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. काचबिंदूने त्याची नजर हळूहळू नेली. आधी कडा गेल्या, मग मधलं गेलं. शेवटी उजेड आहे की नाही एवढंच कळायचं. तेव्हापासून सकाळी मी त्याला पेपर वाचून दाखवू लागले. दहिवलीच्या आमच्या घराला पूर्वेकडे ओटा आहे. मी पायरीवर बसायचे, तो खुर्चीत. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, नाटकांच्या जाहिरातींसकट. आमचं लग्न जमवलेलं, बोलणं बेताचं. इतकी वर्षं मी जेवढी त्याच्याशी बोलले नसेन तेवढं त्या ओट्यावर वाचलं. नजर गेल्याचं दुःख त्याला होतं. मला त्या सकाळी हव्याशा वाटायच्या, आणि हे मी कुणाला सांगू शकत नव्हते.

त्याला निविदा आणि जाहीर सूचना सगळ्यांत आवडायच्या. कुठे पंप बसतोय, कुठे खांब बदलतायत. मला त्या वाचवत नसत. "निविदा आली की तुझा आवाज उपाशी माणसासारखा येतो," तो म्हणायचा.

मग गावाहून नामदेव आला. हा माधवचा चुलतभाऊ. हातात मोबाइल धरून ओट्यावर टेकला.

"दादा, नव्या रस्त्याची नोटीस निंगालीय म्हनतात. आपल्या जागा जानार. हरकत घ्यायला मुदत हाय. पन ती कुठं हाय तेच गावत नाय."

"चावडीवर लावली असेल."

"चावडीवर म्हनतात नेटवर बघ. नेटवर म्हनतात चावडीवर बघ. आमी निसतं हिकडून तिकडं."

पेठेबाई तिथेच होत्या. त्यांनी नोटीस शोधली. ती होती, पण तिरक्या लावलेल्या कागदाचा धुरकट फोटो होता. मी भिंग घेऊन बसले तरी गट क्रमांक लागेना. पेठेबाईंनी डोळे मिटून यंत्राला ती वाचायला लावली. यंत्र म्हणालं, "चित्र." पुढचं पान. "चित्र."

"नापास," पेठेबाई म्हणाल्या आणि उठल्या.

ते कार्यालय कोणतं ते मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. पेठेबाई तिथे गेल्या तेव्हा मीही बरोबर होते, कारण माधवला जायचं होतं आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर असे. टेबलावर भोईर नावाचे लिपिक होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत.

"भाऊसाहेब, डोळे मिटा," पेठेबाई म्हणाल्या.

"आता काय मॅडम, प्राणायाम?"

"मिटा तर."

त्यांनी मिटले. पेठेबाईंनी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. आजूबाजूची टेबलं थांबून बघू लागली. भाऊसाहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या. "हे निसतं चित्र चित्र म्हनतंय."

"तुमचीच नोटीस आहे. सांगा बरं, कुणाची जागा जाणार?"

"पन मॅडम, फोटोत सही-शिक्का दिसतोय ना! टाइप केली तर लोक म्हननार, खरी कशावरून?"

"सहीचा फोटो असू दे. त्याच्या शेजारी मजकूर लिहा. जो पाहतो त्याला शिक्का, जो ऐकतो त्याला मजकूर. कायद्यात आहे हे, माझ्या पदरचं नाही."

त्या दिवसापासून त्या कार्यालयात त्यांचं नाव 'कलम चार' पडलं. लांबून येताना दिसल्या की कुणीतरी आत सांगायचं, "कलम चार आल्या हो." त्यांना ते कळलं तेव्हा केवढ्या खूश झाल्या. मला आयुष्यात कुणी टोपणनाव ठेवलेलं नाही.

काही दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला. नोटीस टाइप करून चढवली. पेठेबाई धावत आमच्याकडे आल्या. ओट्यावर संगणक ठेवला, डोळे मिटले. माधवचे मिटलेलेच. यंत्र वाचू लागलं, "जे. के. सेमीकोलन. एक्स. एम."

मग पेठेबाईंच्या लक्षात आलं. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर जुन्या काळातला मराठी फॉन्ट होता. पडद्यावर अक्षरं सुंदर मराठी दिसत, पण पोटात सगळी इंग्रजी कळांची बाराखडी. माणसाला मराठी, यंत्राला शेंडाबुडखा नसलेलं इंग्रजी.

"बाई, थांबा," माधव म्हणाला. "नोटिशीत सगळ्यात वर काय असतं? जिल्हा. जे म्हणजे र. के म्हणजे काना. सेमीकोलन य. रायगड! जे के सेमीकोलन एक्स एम म्हणजे रायगड!"

तो एवढा हसला की खुर्ची हलली. पेठेबाई पायरीवर बसून डोळे पुसत हसत होत्या. मीही हसले, जरा उशिरा. नंतर तो फॉन्ट बदलला, नोटीस नीट आली, पण ते शब्द घरात राहिले. पेठेबाई फाटकातूनच हाक द्यायच्या, "जे के सेमीकोलन एक्स एम!" आणि माधव आतून ओरडायचा, "या, बाई, या!" मी दार उघडायला जायचे, आणि त्या आरोळ्या माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जायच्या.

लोक समजतील तसला मत्सर तो नव्हता. तसला असता तर मी भांडले असते, आणि भांडून मोकळी झाले असते. पेठेबाई माझ्या नवऱ्याला काही वाईट देत नव्हत्या. त्यांनी त्याला ते यंत्र शिकवलं. पडद्यावरचं वाचणारा तो सपाट आवाज. माधव त्याला 'मास्तर' म्हणायचा. बोटं कुठे ठेवायची, मथळ्यावरून मथळ्यावर कशी उडी मारायची, सगळं त्या त्याच्या शेजारी बसून चिकाटीने शिकवत. आणि मग मास्तरचा वेग वाढवायला शिकवलं. अंध माणसं यंत्राचा आवाज भरभर लावतात, हे मला माहीत नव्हतं. माधवने तो रोज थोडा थोडा वाढवला. शेवटी तो आवाज माझ्या कानांना सुपातून तांदूळ सांडावेत तसा ऐकू यायचा. माधव शांत बसून त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकत असे. मला अख्खी सकाळ लागायची तो पेपर मी चहा गाळेपर्यंत संपलेला असायचा.

"तुला वाचून दाखवू का काही?" मी विचारायचे.

"झालं की सगळं," तो म्हणायचा. "तू तुझं पुस्तक वाच ना आता निवांत."

निवांतपणा मी मागितला नव्हता.

नोटीस त्याने मास्तरकडून कितीतरी वेळा ऐकली. गावाच्या पाणवठ्याकडे जाणारी वाट त्यात कुठेच नव्हती. रस्ता झाला असता तर वाट त्याच्या भरावाखाली गेली असती आणि गुरांना, बायकांना लांबून वळसा पडला असता. सुनावणी गावच्या शाळेत होती. समोर अधिकारी, बाजूला लिहून घेणारे भाऊसाहेब, सतरंजीवर सगळं गाव. पेठेबाई मागे भिंतीला टेकून उभ्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून माधव पुढे आला. टेबलाशी पोचल्यावर त्याने तो हात काढून घेतला आणि सरळ उभा राहिला.

अधिकाऱ्यांनी आपुलकीनेच विचारलं, "तुम्हाला नोटीस कुणी वाचून दाखवली का, काका? नीट समजली ना?"

"ही नोटीस मी स्वतः वाचली आहे," माधव म्हणाला. "कुणी वाचून दाखवलेली नाही."

गावाने टाळ्या वाजवल्या. नामदेव तर उभा राहिला. "हाय की आमचा दादा!" म्हणाला. पेठेबाईंनी डोळे मिटून मान डोलवली, पान पास झाल्यासारखी. माधव पुढे वाटेचं बोलत राहिला, कागद हातात नसताना, गट क्रमांकांसकट. मी दोन पावलं मागे उभी होते. त्याच्या पाठीत इतका ताठा मी नजर गेल्यापासून पाहिला नव्हता. मला अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी 'कुणी वाचून दाखवलेली नाही' हे वाक्य टोचत होतं. ओट्यावरच्या सगळ्या सकाळी त्याने एका दमात पुसून टाकल्या, असं वाटलं. त्याच्या मनात तसं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

काही वर्षांत रस्ता झाला. त्याच्या पोटातून वाटेपुरती मोरी ठेवली. गुरं अजून तिथूनच पाण्यावर जातात. सुनावणीचं इतिवृत्त माणसं जशी बोलली तसंच्या तसं संकेतस्थळावर आलं, कारण पेठेबाईंनी भाऊसाहेबांच्या शेजारी बसून ते शब्दशः लिहायला लावलं. माधव ते पान मधूनमधून ऐकायचा. स्वतःचं बोलणं मास्तरच्या आवाजात ऐकून गालात हसायचा.

पुढच्या वर्षी माधव गेला. झोपेत, फार त्रास न होता. सांत्वनाला येणाऱ्यांची रीघ आटल्यावर एका सकाळी मी ओट्यावर बसले आणि मला ते वाक्य ऐकावंसं वाटू लागलं. तेच, तेव्हा टोचलेलं. घरात त्याचा आवाज साठवलेला कुठेच नव्हता. फोटो होते, चष्मे होते. त्याने बोललेलं जसंच्या तसं राहिलं होतं ते त्या एका सरकारी पानावर.

मी पान उघडायला गेले तर संकेतस्थळ नवं झालं होतं. वर फिरती चित्रं, रंगीत चौकोन. जुन्या नोटिशी, इतिवृत्तं, काही नाही. पान सापडत नाही, असं लिहून यायचं.

मला पेठेबाईंकडे जायचं नव्हतं. दोन दिवस मी स्वतःच शोधलं. मग गेले. त्या पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "माधवरावांचं पान ना? नवीन साइट आली त्याच दिवशी पाहिलं मी. अर्ज दिलाय."

त्याच दिवशी. मी महिनाभराने पाहिलं होतं. त्यांनी मला पाणी दिलं, मी प्यायले.

माधव गेल्यापासून त्यांनी फाटकातून ती हाक कधी दिली नव्हती. नुसती कडी वाजवायच्या. ती हाक ऐकावीशी वाटायची, आणि त्यांनी दिली असती तर मला सहन झाली नसती.

कार्यालयात आम्ही रिक्षाने गेलो. भाऊसाहेब उठून उभे राहिले. "मॅडम, तुमी कशाला आलात अशा तब्येतीत? नवीन साइट कंपनीनं केलीय. जुनं कोन बघतंय आता?"

"मी बघते," पेठेबाई म्हणाल्या. "ह्या बघतात. साइट नवी करा, हजारदा करा. जुना अभिलेख असा फेकता येत नाही. फेकायचा तर कुणी ठरवलं, कधी ठरवलं, त्याचा कागद दाखवा."

"तसा कागद कसा आसंल?"

"मग परत ठेवा."

पुढे दोन-तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला त्या अधिक थकलेल्या असत आणि प्रत्येक खेपेला मी म्हणायचे की आता मी एकटी जाईन. त्यांनी ऐकलं नाही. हे एक तरी काम माझ्यासाठी सोडा, असं मला म्हणायचं होतं. माझा नवरा, त्याचं वाक्य. पण कायदा त्यांना येत होता आणि मला येत नव्हता, आणि मला ते वाक्य हवं होतं.

शेवटी भाऊसाहेबांचा निरोप आला की जुनी पानं सगळी परत आली आहेत, 'जुना अभिलेख' म्हणून वेगळा विभागच केलाय. पेठेबाईंना ते तिथेच जाऊन तपासायचं होतं. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. त्यांनी मांडीवर संगणक घेतला, हेडफोन लावला, पदराचं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटले.

मी शेजारी वाट बघत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं. मग ओठांच्या कडा हलल्या. त्या ऐकत होत्या, सगळं, माझ्या आधी. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला. तो त्यांच्या कानांनी गरम झालेला होता.

सुपातून तांदूळ सांडले. मला एक अक्षर कळलं नाही. तो माधवचा वेग होता. पेठेबाईंना तो येत होता. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून त्यांचे कान त्याच्याएवढे चपळ झाले होते. मी एका घरात राहून तो कधी शिकले नव्हते.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. हेडफोन एका बाजूने उचलून विचारलं, "हळू करू?"

"नको," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि भिंतीला धरून उठल्या. दारात भाऊसाहेब उभे होते. त्यांच्याशी त्या काहीतरी बोलू लागल्या, बहुधा पानावर तारीख नसल्याबद्दल, कारण पडद्याकडे बोट दाखवत होत्या. मला ऐकू येत नव्हतं. एक हात भिंतीवर, दुसरा हवेत, खांद्यावरची कापडी पिशवी घसरून कोपरापर्यंत आलेली. भाऊसाहेब मान खाली घालून हसत होते. मध्येच त्यांनी स्वतःहून डोळे मिटून दाखवले आणि पेठेबाई हसल्या. नंतर त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा मला कळवलं गेलं नाही, त्यामुळे माझ्याजवळ आहेत त्या एवढ्याच पेठेबाई.

त्यांची पिशवी त्यांच्या भाच्याने नेली, कायद्यांची पुस्तकं शाळेने घेतली. हेडफोन माझ्याकडे राहिला, कारण त्या दिवशी मी तो परत करायचा विसरले. रोज सकाळी मी तो लावून ओट्यावर बसते आणि माधवचं पान उघडते. हळू सुरू करते, मग वेग थोडा वाढवते. 'मी स्वतः' पर्यंत मला आता कळतं. पुढचं अजून सांडतं.